खेळाडूचे आडनाव

सोयाबीन निघाले, कापसाची पहिली वेचणी आटोपली की आमच्या समुद्रपूर तालुक्यात गावोगावी कबड्डीचे सामने लागतात. बांबूचा मंडप, लाऊडस्पीकर, थोडेबहुत रोख बक्षीस आणि कुणा दात्याच्या नावाची ढाल. हे सामने आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. एखादा पोरगा एका चढाईत तिघांना बाद करून परततो, टाळ्या पडतात, आणि टाळ्या थांबायच्या आत मागून प्रश्न येतो, "कोनाचा हाये हा पोट्टा?" इथवर ठीक आहे. खेड्यात ओळख अशीच होते. पण बापाचे नाव कळून विचारणाऱ्याचे समाधान होत नाही. त्याला आडनाव हवे असते. आडनावाने भागले नाही तर तो वस्ती विचारतो. वस्ती कळली की त्याच्या डोक्यातला हिशेब पूर्ण होतो आणि तो शेजाऱ्याला सांगतो, "बरोबर आहे, यांच्या रक्तातच ताकद. राबणारी जात." त्याच पोराची पुढच्या सामन्यात पकड झाली तर तोच माणूस म्हणतो, "सवलतीवाले! इथं बी सवलतच पाह्यजे."

म्हणजे जिंकला तर जमा रक्ताच्या नावे, हरला तर नावे जातीच्या. पहाटे पाचला उठून तो जामच्या रस्त्यावर धावतो, त्या घामाची नोंद कोणत्याच खात्यात नाही. आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो, पण असा जमाखर्च आम्हांस कोणी शिकवला नाही.

ही लबाडी आजची नाही. क्रिकेटच्या इतिहासात पळवणकर बाळू हे नाव आहे. आपल्या तरुण पिढीला ते ठाऊक असावे म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. जात चांभार. पुण्यात पारशी लोकांच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रोलर फिरवणे हे त्यांचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात लागले, तिथे चार रुपये मिळू लागले. साहेब लोकांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकणारा लागे. हा झाडणारा पोरगा डावखुरी फिरकी टाकू लागला आणि जे. जी. ग्रेग नावाचा त्या काळचा नामांकित फलंदाज तासन् तास त्यांच्याच गोलंदाजीवर सराव करू लागला. मात्र इतकी वर्षे चेंडू टाकणाऱ्या बाळूंच्या हाती त्या क्लबात कोणी बॅट दिली नाही, असे सांगतात. चेंडू टाकणे कष्टाचे, ते नोकराने करावे. बॅट चालवणे रुबाबाचे, ते साहेबाने करावे. मैदानावरसुद्धा कामाची वाटणी जन्मावरून झाली होती, आणि ती गावकीच्या वाटणीपेक्षा काही फार वेगळी नव्हती.

पुण्याच्या हिंदू मंडळींना साहेबांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. अखेर घेतले. मैदानावर तोच चेंडू सर्वांच्या हातातून फिरे. खेळ थांबून चहा आला की संघ पॅव्हिलियनच्या आत आणि बाळू बाहेर, हातात फेकून द्यायचा मातीचा कप. जेवणाचे ताट वेगळे. ज्या चेंडूला बाळूंचा हात लागला तो चालत होता, ज्या कपाला ओठ लागले तो चालत नव्हता. यातले शास्त्र कोणत्या ग्रंथात आहे, हे त्या मंडळींनी कधी सांगितले नाही.

पुढे ते मुंबईला हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या विजयात बाळूंचा मोठा वाटा होता. धाकटे बंधू शिवरामही त्या संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. इतके झाल्यावर तरी कर्णधारपद त्यांच्याकडे यायला हवे होते की नाही? वर्षामागून वर्ष गेले, कर्णधार दुसराच. १९२० साली तर एम. डी. पै यांना कर्णधार केले आणि बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतले. खेळायला मिळत असताना न खेळणे खेळाडूला किती जड जात असेल, याचा विचार वाचकांनी करावा. त्या निवेदनाने खळबळ उडाली. बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले. पुढे १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस पटत नाही. बाळू राजकारणात बाबासाहेबांच्या विरोधी गोटात होते. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पडले. म्हणून आपल्यातले काही जण त्यांचे नाव काढायला नाखूश असतात. आम्ही त्यांच्या राजकारणाशी सहमत नाही. परंतु राजकारण चुकले म्हणून मातीच्या कपाचा अपमान योग्य ठरत नाही आणि घेतलेले बळी कमी होत नाहीत. माणूस आपल्या बाजूचा आहे की नाही हे पाहून न्याय मोजायचा असेल, तर आपण त्या पॅव्हिलियनमध्ये बसलेल्यांच्या पंक्तीला बसतो.

आता रक्ताच्या गोष्टीकडे वळू. बेळगावच्या पलीकडे कारवार जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्टीत सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आले, बरेचसे गुलाम म्हणून आणले गेले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या क्रीडा प्राधिकरणाने एक विशेष योजना काढली आणि तिच्यात सिद्दी मुलामुलींना निवडले. विचार असा की आफ्रिकन रक्त आहे, म्हणजे पळणारच. पदके घरात आल्यासारखी आहेत. काही मुले खरोखरच पुढे आली. पण थोड्याच वर्षांत सिद्दींसाठीचा तो उपक्रम गुंडाळला गेला. मुले वाऱ्यावर. पदक रक्तातून उगवते असे मानणाऱ्याला मैदान, आहार, प्रशिक्षक, दहा वर्षांचा धीर यांवर खर्च करण्याची गरज वाटत नाही. पीक आले नाही की तो बियाण्याला दोष देतो.

नाशिककडची कविता राऊत हिच्याबद्दलही हेच ऐकले. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा लोक म्हणाले, आदिवासीच ती, डोंगरात पळायची सवय. वर्तमानपत्रांनी तिला 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हटले, ते कौतुकाने म्हटले. पण डोंगरात राहणारी प्रत्येक मुलगी पदक आणत नाही. कविताने नाशिकला प्रशिक्षकाच्या नजरेखाली वर्षानुवर्षे घाम गाळला, तो त्या सवयीत कुठे बसतो?

स्तुतीची ही तऱ्हा, तर निंदेची काय सांगावी! जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या कसोटीत आपल्या मोहम्मद सिराजला प्रेक्षकांतून शिव्या ऐकाव्या लागल्या. त्याने पंचांकडे तक्रार केली, खेळ थांबला, सहा जणांना स्टेडियमबाहेर काढले. आपल्याकडे संताप झाला आणि तो रास्तच होता. पण ऑक्टोबर २००७ मध्ये मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर काय झाले होते? ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स, ज्याच्या अंगात वेस्ट इंडिजच्या काळ्या माणसांचे रक्त होते, त्याला पाहून आपल्याच महाराष्ट्राचे प्रेक्षक माकडाचे हावभाव करीत होते. त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रांत छापून आले. पोलिसांना चौघांवर कारवाई करावी लागली. त्याच्या काही दिवस आधी बडोद्यातही हाच प्रकार झाला होता. सिराज आपला आणि सायमंड्स परका, एवढाच जर आपल्या संतापाचा आधार असेल तर तो वर्णद्वेषाविरुद्धचा संताप नव्हे.

आणि वाचक भगिनींनो, हा रंगाचा रोग स्टेडियमवर जन्मत नाही. आपल्याच वस्तीत पोरगी झाली की आजी आधी रंग पाहते. सोयरीक जुळवताना मुलगी "जरा सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस" असे म्हटले जाते. त्या "पण" मध्ये काय आहे ते तुम्हीच पाहा. आपल्या साप्ताहिकांतल्या वधू-वर जाहिरातींत, ज्यांनी उभी हयात विषमतेविरुद्ध घोषणा दिल्या त्यांच्याच घरून "गोरी" हा शब्द येतो. काळ्या पोराला "काळ्या" म्हणून हाक मारायची आणि ईशान्येकडचा विद्यार्थी दिसला की "नेपाळी" म्हणून हसायचे, हेही आपल्याच गल्लीत चालते.

दुसरी बाब, जी आमच्या कारकुनी पेशाशी जवळची आहे, ती माणसाच्या खाजगी माहितीची. ऑगस्ट २०१६ मध्ये पी. व्ही. सिंधू ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचली, तेव्हा गुगलवर हजारो लोकांनी तिची जात शोधली. ऑगस्ट २०२१ मध्ये महिला हॉकी संघ उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावी वंदना कटारियाच्या घरासमोर काही तरुणांनी फटाके फोडले, जातीवरून शिव्या दिल्या. चारच दिवसांपूर्वी या मुलीने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल करून संघाला तारले होते. तामिळनाडूच्या शांती सौंदरराजनवर तर त्याहून वाईट प्रसंग आला. वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित आईबापांची ही मुलगी. २००६ साली दोहा येथील आशियाई स्पर्धेत आठशे मीटरचे रौप्यपदक जिंकली. नंतर लिंगचाचणी झाली. तिच्या शरीराविषयीचा अहवाल जगभरच्या बातम्यांत गेला, पदक काढून घेतले गेले. स्पर्धेचे नियम काय असावेत यावर तज्ज्ञ वाद करोत. पण एका मुलीच्या शरीराची माहिती तिच्या गावातल्या दूरदर्शन संचावर जाहीर व्हावी, हे कोणत्या नियमात बसते? पुढे ओरिसाच्या द्युती चंदने अशाच नियमाला क्रीडा लवादापुढे आव्हान दिले आणि २०१५ साली तो नियम स्थगित करून घेतला. शांतीच्या वेळी तिच्या बाजूने असे भांडणारे कोणी उभे राहिले नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमुखाने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हा निकाल आमच्या तालुक्यातल्या शाळांच्या भिंतीपर्यंत अजून पोचलेला नाही. एका शाळेत आम्ही पाहिले, शिष्यवृत्तीची यादी दर्शनी फळ्यावर लावली होती. विद्यार्थ्याचे नाव, त्यापुढे जात, त्यापुढे बँक खात्याचा क्रमांक. मधल्या सुट्टीत पोरे ती मोठ्याने वाचत होती आणि ज्यांची नावे होती ती पोरे पाण्याच्या टाकीमागे उभी होती.

कोणी म्हणेल, सवलतीसाठी जात तुम्हीच लिहून देता, मग लपवता कशाला? प्रश्न सोपा आहे, उत्तरही सोपे आहे. जातीचा दाखला आम्ही हक्कासाठी कार्यालयाला देतो. डॉक्टरला दुखणे सांगितले म्हणून त्याने ते दवाखान्याच्या दारावर लिहावे असे होत नाही. ज्याला आपली जात अभिमानाने सांगायची त्याने सांगावी; सांगण्याची वेळ आणि जागा त्याची. वर्धा-नागपूरला खोली शोधणाऱ्या आमच्या पोरांना "पूर्ण नाव काय?" विचारून मग "खोली कालच गेली" असे सांगतात, तेव्हा ती वेळ घरमालकाने ठरवलेली असते.

यादी लावायचीच तर नोंदणी क्रमांकाने लावता येते, एवढे तर आम्ही पंचवीस वर्षांच्या नोकरीवरून सांगू शकतो. जादा कागद लागत नाही, जादा वेळ लागत नाही. ज्या पालकांच्या मुलांच्या शाळेत अशी यादी लागली असेल त्यांनी दोघे-चौघे मिळून मुख्याध्यापकांना भेटावे आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. अर्ज कसा लिहावा हे हवे असल्यास आमच्याकडे यावे.

कबड्डीचेही तसेच. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तरी माईकवरून अजून "अमुकपुऱ्याचा संघ" अशी जुनीच नावे पुकारली जातात. येत्या मोसमात सामने भरवणाऱ्या समित्यांना आम्ही विनंती करणार आहोत की संघाची नोंद मंडळाच्या नावाने करावी आणि खेळाडूला त्याच्या पाठीवरच्या क्रमांकाने पुकारावे. दोन समित्यांनी होकार दिला आहे. एकीचे अध्यक्ष म्हणाले, "विचार करू." त्यांच्याकडे आम्ही दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहोत.