शिवीला कलम आहे, गोड बोलण्याला नाही

तो रात्री आला नाही. भर दुपारी आला, चप्पल बाहेर काढून. वहिनीला 'ताई' म्हणाला. पाणी मागितलं आणि चक्क प्यायला! आमच्या बौद्धवाड्यातलं पाणी त्यानं जन्मात पहिल्यांदा तोंडाला लावलं असेल. दोस्तांनो, गावचा पुढारी तुमच्या घरचं पाणी प्यायला लागला की ओळखा, आता काहीतरी मोठं मागणार.

माझं गाव उमापूर. तालुका गेवराई, जिल्हा बीड. मी शहरात कारकुनी करतो, दादा-वहिनी गावात. वहिनी अंगणवाडी सेविका. आणि अंगणवाडीची बाई म्हणजे सरकारच्या दारातली हक्काची गाय. पोलिओ तिनं पाजायचा, पोरांची वजनं तिनं करायची, माणसं तिनं मोजायची. वर मतदार यादीचं काम. बीएलओ. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी! नाव केवढं, आणि मानधन? वर्षाला ६ हजार होतं. २०२५ च्या ऑगस्टात आयोगानं ते १२ हजार केलं. म्हणजे दिवसाला तेहतीस रुपये. तेहतीस रुपयांत अधिकारी!

तर त्या माणसानं खिशातून कागद काढला. २०२३ सालचा हिवाळा, लोकसभेआधीची यादी चालू होती. कागदावर साठ-सत्तर नावं. बहुतेक आपल्या वाड्यातली, काही पारध्यांची, काही इतर कोयतेवाल्यांची. म्हणाला, "ताई, ही माणसं गावात ऱ्हातच नाहीत. दिवाळी झाली की कारखान्यावर. स्थलांतरित म्हणून टाका. सात नंबरचे फॉर्म आमची पोरं भरून देतील, तुम्ही फक्त पंचनाम्याला हो म्हणा."

वहिनी दहावी शिकलेली. पण तिला ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं पाठ होतं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २० सांगतं की तात्पुरता घर सोडून गेलेला माणूस त्या गावचा रहिवासी असायचा राहत नाही असं नाही. ऊस तोडायला गेलेला माणूस काय कायमचा जातो? पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत काढतो आणि पट्टा पडला की गावाला येतो. ती म्हणाली, "दादा, ही माणसं माझ्या घरामागची हायत. कशी खोडू?"

तो हसला. म्हणाला, "बघा. घाई नाही. तुम्हाला इथंच ऱ्हायचंय."

बस. एवढंच. शिवी नाही, हात नाही, काठी नाही. जातीचं नाव नाही. जाताना पाण्याबद्दल आभार मानले.

वहिनीनं नावं खोडली नाहीत.

आता पुढचं ऐका, कारण माझं सगळं म्हणणं ह्या 'पुढच्या'बद्दल आहे. यादी लागली. १३ मे २०२४ ला मतदान झालं. ४ जूनला निकाल. बीडची जागा किती मतांनी लागली ठाऊक आहे? ६,५५३. सबंध जिल्ह्याचा खासदार साडेसहा हजार मतांवर! साठ-सत्तर नावांची किंमत त्या माणसाला का कळली होती, ते आता तुम्हालाही कळलं असेल. कोण जिंकलं, कोण हरलं, ते सोडून द्या. त्या दोघांशी माझं भांडण नाही.

निकालापर्यंत वहिनीला कुणी बोट लावलं नाही. जूनपासून सुरुवात झाली. अंगणवाडी वेळेवर उघडत नाही, असा अर्ज वर गेला. मग खाऊ निकृष्ट आहे असा. मग पोरांना मारते असा. एकाच महिन्यात चार अर्ज, सह्या त्याच त्या. किराणावाल्यानं उधारी बंद केली. आणि सगळ्यात मोठा घाव बसला तो माझ्या धाकट्या भावावर. तो आणि त्याची बायको, म्हणजे एक कोयता, दर साली एकाच मुकादमाकडं. पावसाळ्यात उचल मिळते तिच्यावर घर चालतं, पोरांच्या वह्या येतात, म्हातारीचं औषध येतं. त्या साली मुकादम म्हणाला, "यंदा माझी टोळी भरली." टोळी भरली नव्हती. सगळ्या गावाला माहीत होतं.

मी सुटी काढून गावी गेलो. तावातावानं म्हणालो, केस करू! वहिनी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "कुणावर करता भाऊजी? काय लिवता? पाणी प्यायला म्हणून लिवता? शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला कलम हाय."

हे वाक्य घेऊन मी परत आलो आणि कायद्याची पुस्तकं उघडून बसलो. कारकून माणूस, दुसरं येतं काय!

१९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा. कलम २८-अ. निवडणुकीची अधिसूचना निघाली की मतदान अधिकारी, केंद्राध्यक्ष, बंदोबस्ताचा पोलीस, सगळे आयोगाकडं प्रतिनियुक्तीवर गेले असं समजायचं. कधीपर्यंत? निकाल जाहीर होईपर्यंत! यादीचं काम करणाऱ्यांना १९५० च्या कायद्यात असंच कलम आहे, १३-सीसी. तेही काम चालू असेपर्यंतच. म्हणजे आयोग नावाचं छत्र आमच्या वहिनीच्या डोक्यावर कधी होतं? पाऊस नव्हता तेव्हा. निकाल लागला, छत्री मिटली, आणि मग आभाळ फाटलं.

आता शिक्षा बघा. मतदान केंद्र बळकावलं तर कलम १३५-अ. हे १९८९ साली आलं. बाहेरच्या गुंडाला १ ते ३ वर्षं. सरकारी नोकर त्यात सापडला तर ३ ते ५ वर्षं. कलम १३६, मतपत्रिका फाडणं, पेटीशी छेडछाड. बाहेरच्याला ६ महिन्यांपर्यंत, कारकुनाला २ वर्षांपर्यंत. यादीच्या कामात कसूर झाली तर १९५० च्या कायद्याचं कलम ३२, कमीत कमी ३ महिने तुरुंग. ड्युटीला गेला नाहीस तर १३४ ची नोटीस. आता त्याच पुस्तकात शोधा, यादी लिहिणाऱ्या बाईच्या दारात येऊन तिला धमकावणाऱ्याला किती? तिच्या नावाचं असं कलम तिथं नाही. तिनं चूक केली तर तुरुंग. तिला चूक करायला लावणारा मात्र साधारण फौजदारी कायद्यात शोधायचा. कायद्याच्या नजरेत निवडणुकीचा कर्मचारी आधी संशयित आहे, मग माणूस.

मी कारकुनांची वकिली करतोय असं समजू नका. कारकून काय चीज असते ते मी आरशात रोज बघतो. ३० जानेवारी २०२४ ला चंडीगडच्या महापौर निवडणुकीत निवडणूक अधिकारीच मतपत्रिकांवर खुणा करताना कॅमेऱ्यात सापडला आणि सर्वोच्च न्यायालयाला तो निकाल फिरवावा लागला. असल्यांना खडी फोडायला धाडा. पण एका बाजूला वरच्याच्या मर्जीसाठी पेन चालवणारा आणि दुसऱ्या बाजूला पेन चालवलं नाही म्हणून उपाशी मारली जाणारी, ह्या दोघांना कायदा एकाच तराजूत घालतो, हे माझं दुखणं आहे.

फौजदारीचं काय? सरकारी नोकराला कामापासून परावृत्त करायला बळ वापरलं तर जुनं कलम ३५३. महाराष्ट्रानं २०१८ साली त्याची शिक्षा २ वर्षांवरून ५ वर्षांवर नेली. १ जुलै २०२४ ला नवी न्याय संहिता आली, कलम १३२, आणि शिक्षा पुन्हा २ वर्षं. धमकीला २२४ आहे, तीही २ वर्षं. पण धमकी शाबित करायची कशी? "तुम्हाला इथंच ऱ्हायचंय" ही धमकी आहे हे उमापुरातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल. कोर्टाला कोण सांगणार?

मग ॲट्रॉसिटी. इथं मी जरा जास्त थांबणार आहे. २०१५ ची दुरुस्ती झाली, २६ जानेवारी २०१६ पासून लागू. तिच्यात कलम ३(१) खाली दलित मतदाराला मतदानापासून अडवणं हा गुन्हा. दलित उमेदवाराला अडवणं गुन्हा. दलित सरपंच-सदस्याला काम करू न देणं गुन्हा. आणि एक खंड आहे, (एन), त्यात तर साक्षात आपल्या गावाचं चित्र आहे: मतदानानंतर मारहाण किंवा सामाजिक-आर्थिक बहिष्कार. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना माहीत होतं! मतदानानंतरच सूड निघतो, किराणा बंद होतो, उचल बंद होते, हे त्यांना ठाऊक होतं. मतदार लिहिला, उमेदवार लिहिला, सरपंच लिहिला. मतदाराचं नाव यादीत राखणारी दलित बाई तेवढी लिहायची राहिली.

माझा वकील दोस्त म्हणतो, असं नाही, धमकीच्या कलमाला ॲट्रॉसिटी जोडता येते. येते रे बाबा! जोडतो कोण? ठाण्यात बसलेला जोडतो? आणि जातीवरून अपमानाचं म्हणशील, तर तो चारचौघांत व्हायला हवा. नोव्हेंबर २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चार भिंतींच्या आत, लोकांच्या नजरेआड झालेला अपमान त्या कलमात बसत नाही. गावच्या पुढाऱ्यानं हा निकाल वाचला नसेल, पण त्याला तो आईच्या पोटातूनच येतो. म्हणून तर तो चप्पल काढून आत आला!

बाबासाहेबांना हे सगळं दिसत होतं. १५ जून १९४९ ला घटना समितीत त्यांनी निवडणूक आयोगाचं कलम मांडलं, तेव्हाचं २८९, आताचं ३२४. आधी प्रांताप्रांताचे वेगळे आयोग नेमायचं घाटत होतं. बाबासाहेबांनी ते फिरवून एकच केंद्रीय आयोग का मागितला? कारण काही प्रांतांत सरकारं आपल्या अधिकाऱ्यांकरवी वंशानं, भाषेनं, संस्कृतीनं वेगळ्या लोकांची नावं यादीबाहेर ठेवतायत, अशा बातम्या होत्या. यादी! मतपेटी नंतर. आधी यादी. यादीवर बसलेला कारकून ज्याच्या मुठीत, त्याच्या मुठीत मत. तो कारकून प्रांताच्या मुठीतून काढला, पण गावाच्या मुठीतून काढायचा राहिला.

मी स्वतः दोनदा ड्युटी केलीय. मतदान अधिकारी क्रमांक दोन, शाई लावणारा, रजिस्टर भरणारा. पहाटे उठून पन्नास मतांचं अभिरूप मतदान, मग दिवसभर बोटं. रात्री यंत्र जमा करेपर्यंत पोटात भीती असते, पण दुसऱ्या दिवशी मी माझ्या शहरात. मला त्या गावात परत जायचं नसतं. मतदान पथकं सरमिसळ करून लांब पाठवायची हा नियम शहाणपणाचा आहे. २० नोव्हेंबर २०२४ ला आमच्याच जिल्ह्यात घाटनांदूरला केंद्रात घुसून मतदान यंत्रं फोडली. यंत्र फुटलं, सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. यंत्र बदलून मिळतं. पथकही दुसऱ्या दिवशी घरी जातं. गडचिरोलीत तर पथकं हेलिकॉप्टरनं नेतात-आणतात, नेलीच पाहिजेत. ड्युटीवर हिंसेत मेलं तर आयोग वारसाला ३० लाख देतो. पण बीएलओ? ती त्याच गावची असते, अंगणवाडी सेविकेला गावची रहिवासी असण्याचीच अट आहे. बदली मागायची सोय नाही. आणि जिवंत माणसाच्या भीतीला किती लाख?

२०२५ च्या नोव्हेंबरात ९ राज्यं आणि ३ केंद्रशासित प्रदेशांत याद्यांची सखोल तपासणी सुरू झाली, तेव्हा कामाच्या दडपणानं बीएलओंनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना जादा माणसं द्यायला सांगितलं. ठीक. ओझं कमी करा. पण वहिनीचं ओझं कागदांचं नव्हतं.

आपल्या पोरांनी १९७२ साली ज्यांच्यावरून पँथर हे नाव घेतलं, त्या काळ्या माणसांकडं पुन्हा एकदा बघा. अमेरिकेत जॉर्जिया राज्य, अटलांटा. २०२० ची निवडणूक. रूबी फ्रीमन आणि तिची लेक शे मॉस, दोघी काळ्या, मतमोजणीच्या टेबलावरच्या कामगार. हरलेल्या बाजूच्या रुडी ज्युलिअनी ह्या बड्या वकिलानं जगाला सांगितलं की ह्या दोघी मतं चोरतायत. साफ खोटं. धमक्या सुरू झाल्या मतदानानंतर. म्हातारीला घर सोडून पळावं लागलं, पोरीची नोकरी गेली. पण डिसेंबर २०२३ मध्ये ज्यूरीनं त्या वकिलावर १४.८ कोटी डॉलरची भरपाई बसवली. पैसे सोडा. निकालानंतरची भीती हे नुकसान आहे, आणि ते मोजता येतं, एवढं तरी तिथल्या कोर्टात लिहिलं गेलं. इथं आमच्या किराण्याची उधारी कुठल्या कोर्टात लिहायची?

म्हणून मोर्चा काढणार असाल तर हे मागा. प्रतिनियुक्तीचं छत्र निकालानंतर निदान एक वर्ष ठेवा. त्या वर्षात बीएलओविरुद्ध आलेला कुठलाही अर्ज आधी जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडं जाऊ द्या, मगच त्याच्यावर कारवाई. फिर्याद बाईनं द्यायची नाही, तिच्या वतीनं निवडणूक अधिकाऱ्यानं द्यायची, कारण त्याला त्या गावात राहायचं नाही. आणि ॲट्रॉसिटीच्या ३(१) मध्ये निवडणूक कामातला दलित-आदिवासी कर्मचारी नावानिशी घाला, (एन) मधला बहिष्कार त्यालाही लावा. चार ओळींची दुरुस्ती आहे.

ती होईपर्यंत? तुम्ही शहरात चहाच्या टपरीवर लोकशाहीला शिव्या घालता. मीही घालतो, मजा येते. पण यादीच्या फेरीच्या दिवशी वाड्यात कुणी असतं का आपलं? पक्षांना केंद्रस्तरीय प्रतिनिधी नेमता येतात. आपल्या नावाच्या पक्षांनी किती गावांत नेमलेत, विचारा एकदा. तोंडं बघण्यासारखी होतील.

धाकटा भाऊ त्या साली दुसऱ्या मुकादमाकडं गेला, निम्म्या उचलीवर. वहिनीच्या अर्जांची चौकशी अजून मिटलेली नाही. काम मात्र तिच्याकडंच आहे, कारण दुसरं कुणी घ्यायला तयार नाही. पुढच्या फेरीला मी रजा टाकून तिच्या मागं रजिस्टर धरून घरोघर फिरणार आहे. वाड्यातली आणखी तिघं पोरं पुण्याहून येतो म्हणालीत. वहिनी म्हणते, "या. पण दारात चप्पल काढून कुणी आलं, तर त्याच्यासमोर बसायचं. आत चहा करायला जायचं नाही."