आधी जाळी, मग छप्पर

पनवेलकराला डासांबद्दल कुणी शिकवायला जाऊ नये. खाडी, वडाळे तळं, गाढी नदीचा काठ, त्यात गल्लोगल्ली चाललेली बांधकामं. दिवेलागणीला खिडक्या लावून घेणं हा इथला नित्यनेम. पण हाच पनवेलकर डोंगरात मुक्कामाला निघाला की यादीत पहिलं नाव टेंटचं लिहितो. ओडोमॉसची आठवण येते ती गाडी सुटल्यावर.

माझं मत उलटं आहे. लोणावळ्याहून राजमाची, ढाक करत भीमाशंकरपर्यंत जाण्यासारखी दोन-तीन मुक्कामांची चाल असेल तर आधी मच्छरदाणी ठरवावी, छपराचं मग बघू. दिवाळीनंतर सह्याद्रीत रात्री पाऊस क्वचित गाठतो. पायथ्याच्या गावात डास मात्र हमखास. दुपदरी टेंट मुळात थंडीवाऱ्यासाठी बेतलेला. आपल्याकडच्या दमट हवेत त्याचं बाहेरचं कापड ओढलं की आत घामाच्या धारा, आणि वाऱ्यासाठी चेन उघडली की मंडळी आत हजर. शिवाय दोघांच्या टेंटचं ओझं दोन-अडीच किलो. एकट्याची मच्छरदाणी अर्ध्या किलोच्या आत बसते. वर हलकी ताडपत्री आणि थोडी दोरी घेतली की भागतं.

मच्छरदाणी घेताना आकार नीट बघा. एकाच दोरीला टांगायची गोल जाळी दुकानात देखणी दिसते, पण खाली येताना ती अंगाला चिकटते. झोपेत कोपर जाळीला टेकलं की डास बाहेर बसूनच चावतो, आणि सकाळी तेवढ्याच कोपरावर ओळीने गांधी उठलेल्या असतात. म्हणून चौकोनी घ्यावी, कूस बदलायला ऐसपैस. चार कोपऱ्यांच्या दोऱ्या ताणून बांधायच्या आणि कडा कॅरीमॅटखाली सगळीकडून दाबायच्या, उशाशी जरा जास्तच. जाळीला चौरस इंचात १५६ भोकं हे नेहमीचं प्रमाण. त्यातून डास येत नाही, बारीक चिलटं येऊ शकतात. ओढ्याकाठी राहणार असाल तर त्याहून बारीक विणीची शोधा, वारा थोडा कमी लागेल. डेल्टामेथ्रिन किंवा पर्मेथ्रिन लावलेली मिळाली तर उत्तमच, कारण जाळीवर बसलेला डास मरतो.

पावसाळ्यात गोष्ट वेगळी. आषाढातल्या पन्हाळा-पावनखिंड वाटेवर चिखलात टेंट ठोकण्यापेक्षा गावात कुणाच्या पडवीची विनंती करावी. पडवीच्या वाशांना मच्छरदाणी झकास टांगता येते.

सामानाहून जागा महत्त्वाची, हे मात्र दुकानदार सांगणार नाही. डास उडण्यात कच्चा. वाहत्या वाऱ्यात तो टिकत नाही. त्यामुळे प्रबळगडाकडे मुक्काम असेल तर खालच्या ओढ्याजवळ पथारी पसरण्यापेक्षा वारा लागणारी माची बरी. गुहेचा मोह पडतो खरा, पण अंधार, ओल आणि शेजारी पाण्याचं टाकं म्हणजे डासांचं माहेरच. पायथ्याच्या संथ ओढ्यांत वाढणारा ॲनोफिलिस फ्लुविॲटिलिस मलेरिया पसरवतो, आणि तो रात्री चावतो. नेमका तुम्ही झोपलेले असताना.

बाकी कपडे सैल, फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. अंगाला घट्ट बसणाऱ्या लेगिंग्जमधून डास खुशाल चावतो. फोटोत त्या चांगल्या दिसतात, एवढंच. डास पळवणाऱ्या मलमात डीट हे रसायन असेल तर ते चष्म्याच्या फ्रेमला आणि प्लास्टिकच्या घड्याळाला लागू देऊ नका, प्लास्टिक मऊ पडतं. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेने विकसित केलेल्या डेपा या डासरोधकाचाही पर्याय आहे. सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी आणि मलम वरून. टेंटमध्ये कासवछाप अगरबत्ती पेटवणारे महाभाग मी पाहिले आहेत. कोंडलेला धूर आणि नायलॉनचं कापड, दोन्ही जिवावर बेतू शकतात.

इतकं करूनही एखादा चावा बसतोच. मलेरियाचा ताप लगेच येत नाही, साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी येतो; व्हायवॅक्स प्रकारचा तर काही महिन्यांनीही डोकं वर काढतो. तोवर ट्रेक आपण विसरलेलो असतो. तेव्हा परतल्यावर थंडी वाजून ताप भरला तर घरी क्रोसिन घेत बसू नका. कुठे आणि कधी मुक्काम केला होता ते डॉक्टरांना सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.