बाई चुकली, की बायका चुकल्या?

कोरीन दियाक्र या फ्रेंच फुटबॉलपटूची गोष्ट मी सांगितली की कोणीतरी ठरल्यासारखे म्हणते, "बघा, बाईच बाईची वैरी!" या वाक्याचा मला संताप येतो.

दियाक्र बचावफळीत खेळत. फ्रान्ससाठी १२१ सामने खेळल्या, कर्णधार झाल्या. २०१४ मध्ये क्लेरमाँ या दुसऱ्या श्रेणीतल्या पुरुष संघाने आधी पोर्तुगालच्या एलेना कोस्टा यांना प्रशिक्षक नेमले. आपल्याला न विचारता खेळाडू घेतले जातात, असे सांगून त्या पहिल्या सामन्याआधीच बाहेर पडल्या. त्याच खुर्चीत दियाक्र बसल्या आणि तीन हंगाम टिकल्या. फ्रान्समध्ये पुरुषांचा व्यावसायिक संघ मैदानात उतरवणारी ही पहिली बाई.

२०१७ मध्ये महिलांचा राष्ट्रीय संघ त्यांच्याकडे आला. २०२२ च्या युरो स्पर्धेत तो प्रथमच उपांत्य फेरीत पोचला. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्णधार वेंडी रेनार यांनी या व्यवस्थेत खेळणार नाही असे जाहीर केले. आणखी दोघी त्यांच्यामागे उभ्या राहिल्या. मार्चमध्ये दियाक्र यांना काढले.

खेळाडू बोलल्या ते योग्यच झाले. वर बाई बसली म्हणून खालच्या बायकांनी सोसत राहायचे, हा स्त्रीवाद नव्हे.

पण पुढचे पाहा. त्यांच्या जागी एर्वे रेनार आले (वेंडींचे कोणी नातलग नव्हेत). तेही जुने बचावपटू. आफ्रिकेचा चषक दोन देशांना जिंकून दिलेले. पण महिला संघ कधी हाताळलेला नाही. २०२३ चा विश्वचषक आणि २०२४ चे ऑलिंपिक, दोन्हीकडे संघ उपांत्यपूर्व फेरीत हरला. त्यांच्यानंतरही पुरुषच नेमला गेला. 'पुरुषांना हे जमत नाही' असे कोणी म्हटले?

दियाक्र गेल्या त्याच सुमारास महासंघाचे अध्यक्ष नोएल ल ग्राए पायउतार झाले. स्त्रियांशी असलेल्या त्यांच्या वागणुकीवर सरकारी चौकशीने ताशेरे ओढले होते. आरोप त्यांनी नाकारले. तेव्हा 'यापुढे अध्यक्षपदी पुरुष नको' असे कोणी सुचवले?

पुरुषाचे अपयश त्याच्या एकट्याचे, बाईचे मात्र आपणा साऱ्याजणींच्या नावावर! हा हिशेबच खोटा आहे. बाईला जाब जरूर विचारू या, खडसावून विचारू या. पण त्या जाबाचे निमित्त करून खुर्ची पुन्हा पुरुषाकडे सरकवली जात असेल, तर तेव्हाही तितक्याच मोठ्याने बोलू या.