दक्षिणेची सहल, पण मुंबईच्या



खळी उरकली, हरभरा-गहू वर आला आणि थंडी पडू लागली, की गावोगाव सहल कंपन्यांची पत्रके येतात. म्हैसूरचा राजवाडा, मदुराईचे मीनाक्षी मंदिर, रामेश्वर, कन्याकुमारी आणि वाटेत पेरियारच्या जंगलातले हत्ती. दूध डेअरीच्या रांगेत पत्रक हातोहात फिरते. मग घरी हिशेब सुरू होतो. बारा-पंधरा दिवस धारा कोण काढणार? पाण्याची पाळी रात्रीची आली तर दारे कोण धरणार? शेवटी पत्रक आरशामागे खोचले जाते आणि सहल पुढच्या वर्षावर ढकलली जाते. अशी पुढची वर्षे किती गेली, ते ज्याच्या त्याच्या आरशाला ठाऊक.

दक्षिण भारत अवश्य पाहावा. पण तो योग येईपर्यंत मी एक जवळची दक्षिण सुचवतो. दादर, परळ, लालबाग, भायखळा, गिरगाव ही मुंबईची मध्य आणि दक्षिण बाजू. तीन दिवस पुरतात. देवळे आहेत, जुनी शिल्पे आहेत, पशुपक्षी आहेत. शेजाऱ्याला तीन दिवस गोठा सांभाळायला सांगता येतो. त्याच्या सहलीच्या वेळी आपण त्याचा सांभाळावा.

तुम्ही म्हणाल, मुंबई आम्ही पाहिली आहे. विस्ताराच्या कामात तीसेक वर्षे खेडोपाडी हिंडलो, तेव्हा हे वाक्य पुष्कळदा ऐकले. पुढे विचारले तर कळते, की परळला केईएममध्ये कुणाला दाखल केले होते, टाटामध्ये तपासणी होती, नाहीतर मंत्रालयात अर्ज द्यायचा होता. म्हणजे मुंबई पाहिली ती दवाखान्याच्या पायरीवरून आणि कचेरीच्या बाकावरून. काळजी डोक्यावर असताना डोळ्यांना काही दिसत नाही. एकदा काही काम न काढता जावे, बायकोमुलांना घेऊन जावे, असे माझे सांगणे आहे.

पहिला दिवस : दादर, परळ, लालबाग

रात्रीच्या गाडीने निघून पहाटे दादरला उतरा. सामान ठेवण्याआधी स्टेशनला लागूनच पश्चिमेकडच्या फूलबाजारात चक्कर मारा. अंधारातच तेथे झेंडू, शेवंती, गुलाब, मोगरा यांचे ढीग लागतात. ज्यांच्या शेतात फुले आहेत त्यांनी येथे तासभर नुसते उभे राहावे. ओला माल आणि कोरडा माल यांत गिऱ्हाईक कसा फरक करतो, दबलेली फुले कशी बाजूला पडतात, सणाच्या आदल्या दिवशीचा भाव आणि सणानंतरचा भाव यांत किती अंतर पडते, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा चांगले कळते. पट्टीवर आलेला आकडा कोठे जन्मतो ते एकदा पाहिलेले बरे.

दादरच्याच चौपाटीवर चैत्यभूमी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर डिसेंबर १९५६ मध्ये येथे अंत्यसंस्कार झाले. ६ डिसेंबरला येथे लाखोंची रीघ असते. एरवी निवांत दर्शन होते. बाबासाहेब अनेक वर्षे परळच्या बीआयटी चाळीतील साध्या खोलीत राहिले, हेही मुलांना सांगा.

दुपारी परळकडे वळा. तेथे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे मोठे रुग्णालय आहे. मुंबईकर त्याला सरळ ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणतात. नावावरूनच समजावे, की एके काळी ही मुंबई बैलगाडी आणि घोडागाडीवर चालत होती. शेजारी १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात येणारे कितीतरी डॉक्टर येथेच शिकून गेले.

परळलाच हाफकिन संस्था आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली आणि १९२५ साली तिला त्यांचे नाव मिळाले. शेतकऱ्याचे या जागेशी आणखी एक नाते आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावरील लशीचे काम येथे पिढ्यान् पिढ्या चालत आले. आत जायला परवानगी लागते, पण फाटकावरून जाताना मुलांना एवढे पाठ करायला लावा : साप चावला तर जखम कापू नये, विष तोंडाने ओढू नये, करकचून दोरी बांधू नये. चावलेला अवयव न हलवता माणसाला ताबडतोब सरकारी दवाखान्यात न्यावे. एवढे लक्षात राहिले तरी सहलीचे पैसे वसूल झाले.

जवळच, परळ-शिवडीच्या बाजूला, बारादेवीचे देऊळ आहे. १९३१ साली रस्त्याचे काम चालू असताना तेथे जमिनीतून एक अखंड पाषाण निघाला. त्यावर शंकराच्या एकातून एक उमललेल्या सात मूर्ती आहेत. उंची दोन पुरुषांएवढी, वय जवळजवळ दीड हजार वर्षे. नांगराला लागून मूर्ती निघाल्याच्या गोष्टी आपल्याकडे आहेत. ही मुंबईच्या कुदळीला लागली. दर्शनाची वेळ मात्र तेथे विचारून घ्या.

संध्याकाळ लालबागला घालवा. चिवडा गल्लीत चिवडा घ्या आणि मसाल्याच्या दुकानांसमोर उभे राहा. ब्याडगी रंगासाठी, संकेश्वरी चवीसाठी, गुंटूर तिखटपणासाठी असे मिरचीचे मिश्रण करून बायका वर्षाचा मसाला डंकावर कुटून घेतात. घरच्या मंडळींना येथून हलवणे कठीण जाईल, याची तयारी ठेवा.

लालबाग-परळ म्हणजे गिरणगाव. मुंबईत साठेक कापड गिरण्या होत्या. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांनी येथे गावकीच्या खोल्या घेतल्या होत्या. एका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत आणि मनिऑर्डर गावी पाठवत. त्या पैशांतून कुणाची विहीर बांधली गेली, कुणाची बैलजोडी आली, कुणाच्या बहिणीचे लग्न झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कितीतरी घरे कायमची गावी परतली. आज गिरण्यांच्या जागी उंच इमारती आहेत आणि चाळीही एकेक करून पाडल्या जात आहेत. ज्यांचा आजा किंवा चुलता गिरणीत होता त्यांनी त्याची चाळ उभी आहे तोवर नातवंडांना नेऊन दाखवावी. जिना कोणता, खोली कोणती, नळ कोठे होता, हे सांगणारे म्हातारे माणूस बरोबर असेल तर फारच उत्तम.

दुसरा दिवस : राणीची बाग

हा दिवस सबंध भायखळ्याला द्या. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान हे तिचे आजचे नाव, पण गावाकडच्या माणसाला ती राणीची बागच. बुधवारी ती बंद असते, म्हणून वार पाहून निघा.

बहुतेक लोक तेथे वाघ आणि पेंग्विन पाहायला जातात. पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातून आणले. त्यांच्यासाठी थंड हवेचे घर केले आहे. मुलांना ते दाखवाच. पण या बागेचे मूळ आपल्या व्यवसायात आहे, हे थोड्यांना माहीत असते. पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी व उद्यान संस्थेने ही बाग उभी केली. या संस्थेची आधीची बाग शिवडीला होती. भायखळ्याची बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी उघडली आणि १८७३ साली नगरपालिकेकडे आली. म्हणजे आधी झाडे, मग जनावरे.

म्हणून झाडे सावकाश पाहा. अडीचशेहून अधिक जाती येथे आहेत. आफ्रिकेतली गोरखचिंच पाहा. तिचा बुंधा म्हणजे पाण्याची कोठीच, कोरड्या मुलखात झाड पाणी कसे साठवते त्याचा नमुना. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी थंडीत लालबुंद फुलते. कैलासपतीची फुले फांदीला न लागता खोडालाच लागतात. मुलांना विचारा, आपल्याकडे असे कोणते झाड? फणस असे उत्तर आले पाहिजे. सुमारे २००७ मध्ये येथे मोठ्या फेरबदलाचा आराखडा निघाला, तेव्हा झाडांसाठी मुंबईच्या सामान्य बाया-माणसांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. बांधावरचे आंब्याचे झाड वाटणीच्या भांडणात तोडणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा.

बागेच्या आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ते १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. भाऊ दाजी हे गोव्यातल्या गरीब घरातून आलेले डॉक्टर. त्यांनी महारोगावर औषध शोधण्यासाठी परिश्रम घेतले. आत जुन्या काळच्या कारागिरांच्या आणि निरनिराळ्या व्यवसायांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. दुरुस्तीमुळे ते मधूनमधून बंद असते, म्हणून चौकशी करावी. बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. तो घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिले. १८६४ साली तो हलवताना फुटला, नंतर तुकडे जोडून येथे उभा केला. पेरियारचा जिवंत हत्ती पुढे कधीतरी पाहू. हा हत्ती आपल्या मातीचा आहे.

तिसरा दिवस : गिरगाव आणि शिवडी

सकाळी गिरगावात पायी फिरा आणि गल्ल्यांच्या पाट्या वाचा. मुगभाट, बोरभाट, फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, काकडवाडी! भाट म्हणजे जमिनीचा तुकडा, बागायत. जोडीला चिंचपोकळीतली चिंच, वडाळ्यातला वड, उमरखाडीतला उंबर आणि बाबुलनाथाची बाभूळ आठवा. भायखळ्याच्या नावातही भाया नावाच्या माणसाचे खळे होते, असे काही जाणकार सांगतात. मुंबईचा जुना सातबाराच या पाट्यांवर लिहिलेला आहे. पीकपाण्याचा रकाना तेवढा अजून पुसलेला नाही.

येथल्याच केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. लोकमान्य टिळकांवर १ ऑगस्ट १९२० रोजी गिरगाव चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेथे त्यांचा पुतळा आहे. तेथून बसने हुतात्मा चौकात जा. संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांच्या स्मारकावर दोन माणसे मिळून मशाल धरून उभी आहेत. एक कामगार आणि दुसरा शेतकरी. एवढ्या मोठ्या शहराच्या मध्यभागी आपला माणूस उभा आहे, हे मुलांना बोट दाखवून सांगा.

दुपारनंतर हार्बर लाइनने शिवडीला उतरा आणि पूर्वेकडे धक्क्यावर जा. थंडीत तेथल्या चिखलात रोहित पक्षी येतात. अग्निपंखही म्हणतात त्यांना. ते मुख्यतः कच्छच्या रणाकडे अंडी घालतात. उजनीच्या पाणवठ्यावर, भिगवणला, काहींनी ते पाहिले असतील. चोच उलटी करून ते चिखलपाणी गाळतात आणि त्यातले शेवाळ, बारीक जीव खातात. त्या खाद्यातल्या रंगानेच त्यांची पिसे गुलाबी होतात. आपण ज्याला घाण चिखल म्हणून नाक मुरडतो त्यात हजारो पाखरांचे पोट भरते. चिखलाची किंमत भात लावणाऱ्याला सांगायला नको.

वेळ साधण्यासाठी तिथी पाहा. पौर्णिमा-अमावास्येला मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमारास असते आणि पुढे रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते. तृतीयेला ती दुपारी अडीच-तीनला येईल. भरतीआधी किंवा नंतर दोन-तीन तास पक्षी काठाजवळ असतात. भरओहोटीला ते लांब जातात, नुसते गुलाबी ठिपके दिसतात. येथूनच निघणारा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. बांधकामाच्या वर्षांत पक्ष्यांनी जागा बदलल्या. शिवडीला ते दिसले नाहीत तर ऐरोलीला वनखात्याचे केंद्र आहे. तेथून खाडीत बोटीची फेरी निघते.

चार सूचना. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ लोकलमध्ये लहान मुले-म्हातारी घेऊन चढू नये. नव्या चपला घालून निघू नये. पैसे एकाच खिशात ठेवू नयेत. आणि दिवसाला ठरवलेल्यापेक्षा एक ठिकाण कमीच पाहावे. धावत पाहिलेले गावी पोचेपर्यंत विसरते.

पुढच्या खेपेला दवाखान्याच्या किंवा अर्जाच्या कामाने परळला जावे लागेलच, संसार आहे. पण तेव्हा आपले पाऊल परक्या गावात पडणार नाही. वाटेतल्या दोन झाडांची नावे आपल्याला ठाऊक असतील, आणि पाटीवरचे ‘मुगभाट’ वाचून मनात येईल की येथे कुणीतरी आपल्यासारखाच शेंगा तोडत होता. पौषात शेतात हात थोडा मोकळा असतो. तेवढ्यात जाऊन या.