धागा : हस्तिदंतातला मेंढपाळ आणि नाव हरवलेला कारागीर

१/ तळेगावहून लोणावळ्याची लोकल पकडावी, मळवलीला उतरावे आणि कार्ल्याचा डोंगर चढावा. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे : धेनुकाकटचा सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी, याने हे दार घडवले. सुमारे दोन हजार वर्षे लोटली. राजवटी आल्या आणि गेल्या, सुताराचे नाव मात्र राहिले.

२/ आजचा धागा ज्याचे नाव राहिले नाही अशा कारागिराविषयी आहे. त्याने गोव्यात बसून हस्तिदंतात बायबल कोरले. तो ख्रिस्ती कलेच्या इतिहासाचा जितका, तितकाच आपल्याही इतिहासाचा आहे, असे माझे मत आहे. ते का, हे क्रमाने मांडतो.

३/ आधी युरोप. मध्ययुगात तेथे बायबलमधील प्रसंग हस्तिदंताच्या फलकांवर कोरण्याची मोठी परंपरा होती. इटलीतील सालेर्नोच्या अकराव्या-बाराव्या शतकांतील फलकांवर जगाच्या उत्पत्तीपासून येशूच्या जीवनापर्यंतची कथा एकेका चौकटीतून उलगडत जाते. ते नेमके कोठे आणि कोणाच्या हातून घडले, यावर अभ्यासकांत अजूनही एकमत नाही.

४/ सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ही कला गोव्यात पोहोचली. मोझांबिककडून हस्तिदंत जहाजांतून येई, युरोपातील छापील चित्रे नमुन्यादाखल येत. कोरणारे हात इथले होते. क्रूसावरील येशू, मरियम, संत अशा मूर्ती घडत आणि त्यांतील कितीतरी पुन्हा जहाजात चढून युरोपात जात.

५/ या सर्वांत विलक्षण म्हणजे ‘बॉम पास्तोर’, उत्तम मेंढपाळ. नव्या करारात येशू स्वतःला मेंढपाळ म्हणवतो आणि हरवलेले मेंढरू खांद्यावर घालून आणणाऱ्याची कथा सांगतो. सतराव्या शतकातील गोव्याच्या शिल्पांत हा मेंढपाळ बालक आहे. टेकडीवर बसलेला, खांद्यावर कोकरू, गाल हातावर टेकलेला, डोळे मिटलेले.

६/ त्याच्या पायांखाली टेकडी पायरीपायरीने उतरते. मध्ये झरा आहे, पक्षी आणि मेंढरे त्याचे पाणी पितात. तळाच्या गुहेत मरिया माग्दालेना हातावर डोके टेकून पहुडलेली असते. इतके सारे जग कित्येकदा जेमतेम वीत-दीड वीत उंचीत सामावलेले असते.

७/ हे रूप युरोपातील कोणत्याही एका नमुन्याची नक्कल नाही. काही अभ्यासकांना मिटल्या डोळ्यांत ध्यानस्थ बुद्ध दिसतो, काहींना बाळकृष्ण. असे थेट समीकरण मांडण्याचे धाडस मी करणार नाही. एवढेच म्हणेन की, गुरे राखणाऱ्या बालदेवाची ओळख असलेल्या भूमीत ते घडले.

८/ कोरणारे कोण होते? १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्ती प्रतिमा ख्रिस्तेतर कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली. मनाई करावी लागते ती चालू असलेल्या गोष्टीला! म्हणजे कारागिरांचे अस्तित्व आपल्याला कळते ते त्यांच्यावरील बंदीच्या कागदातून. एकेकाचे नाव मात्र शिल्पावर नाही.

९/ मध्ययुगीन युरोपातील कारागीरही बहुतांशी अनामच राहिले, हे मान्य. पण आपल्याकडे नाव कोरण्याची परंपरा जुनी आहे. कार्ल्याचा सामी आहेच. सांचीच्या दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी, हे कोरीवकाम आम्ही केले, अशी नोंदच करून ठेवली आहे.

१०/ आता त्याच काळातले, त्याच प्रदेशातले दुसरे उदाहरण पाहा. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला. बायबलची कथा त्याने सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत रचली. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. त्यात स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द येतो. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात स्टीफन्सला मानाचे पान आहे, आणि ते योग्यच आहे.

११/ मग प्रश्न असा : परदेशी माणसाने आपल्या भाषेत बायबल सांगितले, तर तो आपला. इथल्या माणसाने आपल्या हाताने बायबल कोरले, तर ते ‘इंडो-पोर्तुगीज’, म्हणजे कोणा दुसऱ्याचे. हे कसे? भाषेला आपण जे औदार्य दाखवले, ते हाताच्या कामाला का दाखवले नाही?

१२/ एका परिसंवादात मी हे मांडले, तेव्हा एका सहाध्यायीने विचारले, “ज्या सत्तेने देवळे पाडली, इन्क्विझिशन आणले, तिची ही साधने. त्यांचे कौतुक कशाला?” आक्षेप पोकळ नाही. इन्क्विझिशन १५६० मध्ये आले आणि १८१२ पर्यंत, मधला अल्प खंड सोडता, टिकले. ती जखम खरी आहे.

१३/ पण शिल्पाला परके ठरवून त्या सत्तेला काहीच शिक्षा होत नाही. पुसला जातो तो कारागीर. परिषदेने त्याला कामावरून दूर सारू पाहिले, आपण त्याला इतिहासातून दूर सारतो. वसईच्या मोहिमेनंतर चर्चच्या घंटा आपण आणल्या. मेणवलीला कोरलेल्या मरियमेसह त्यांतली एक आजही टांगलेली आहे. जिंकून आणलेली घंटा आपली, मग घडवलेली मूर्ती का नको?

१४/ या कलेच्या मागे मारलेले हत्तीही आहेत, हे विसरू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पुढे दुरुस्त्या होऊन भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, ते उत्तमच झाले. म्हणूनच जे जुने उरले आहे, ते काळजीपूर्वक पाहणे हे आपले कर्तव्य ठरते.

१५/ माझी मागणी छोटी आहे. मराठी मध्ययुगाच्या अभ्यासक्रमात ‘ख्रिस्तपुराणा’शेजारी ‘बॉम पास्तोर’चे एक चित्र असावे. आणि संग्रहालयांच्या पाट्यांवर शैलीच्या नावाआधी दोन शब्द असावेत : ‘गोमंतकीय कारागीर’. नाव मिळणार नाही, निदान माणूस तरी मिळेल.

१६/ जुन्या गोव्यात गेलात तर सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालय जरूर पाहा. आणि पावसाळ्यानंतर घाटवाटेने कोकणात उतरणाऱ्या धनगरांच्या कळपात कोणाच्या खांद्यावर नुकतेच जन्मलेले कोकरू दिसले, तर त्या अनाम कारागिराची क्षणभर आठवण ठेवा. धागा समाप्त.