फिशटँकचं बजेट उलट्या बाजूने

फिशटँकचं बजेट करायला बसलं की आपण सगळे आधी मासे ठरवतो. दहा निऑन टेट्रा, दोन एंजल, मग त्यांना टाकी केवढी लागेल, मग वर दिवा कुठला. दुकानदारालाही हेच सोयीचं असतं. माझं स्पष्ट मत असं की हे बजेट उलट्या बाजूने करायला हवं. आधी पाणी, मग उन्हाळा, मग वीज, मग रोज टाकीकडे बघणारा माणूस. मासे सगळ्यात शेवटी. (हे खऱ्या वनस्पतींच्या टाकीबद्दल, म्हणजे प्लँटेड टँकबद्दल हं. प्लास्टिकची झाडं आणि बुडबुडे सोडणारा सांगाडा असलेल्या टाक्यांना माझा लांबूनच नमस्कार!)

निमित्त झालं ऑफिसातल्या एका मित्राचं. त्याचं गाव चारठाणा, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. आई-बाबा दोघंच तिथे, हा पुण्यात. घरात काहीतरी जिवंत, हलतं, बघत बसावं असं हवं, म्हणून दोन फुटी प्लँटेड टँक भेट द्यायचा त्याचा बेत. कल्पना झकास. एक्सेल शीट तर त्याहून झकास. फक्त ती शीट पुण्यातल्या फ्लॅटची होती, चारठाण्यातल्या घराची नव्हती.

आपल्या डोळ्यासमोर जी हिरवीगार चित्रं असतात ती बहुतेक जपानच्या ताकाशी अमानो यांच्या वळणाची. या माणसाने २०१५ मध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात तब्बल ४० मीटर लांबीची टाकी सजवली, आणि त्याच वर्षी तो गेला. त्या वळणाच्या टाकीला साधारण २५ अंशांचं मऊ पाणी, भरपूर उजेड आणि वरून कार्बन डायऑक्साइड लागतो. चारठाण्यात यातली एकही गोष्ट फुकट मिळत नाही. काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी बहुतेक जड, आणि मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा ४२-४३ पर्यंत सहज जातो.

आता आकडे. २ फूट x १ फूट x सव्वा फूट टाकी म्हणजे ७० लिटर पाणी. माती, दगड, काच धरून शंभरेक किलो, म्हणजे स्टँड भक्कम हवा, टीपॉय चालणार नाही. काचेची टाकी दोनेक हजारांत होते, ती सगळ्यात स्वस्त. बरा एलईडी दिवा तीन-चार हजार, फिल्टर तेवढाच, माती अडीच-तीन हजार, वनस्पती दोन हजार. (ढोबळ आकडे आहेत, दुकानागणिक बदलतील.) कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर आणि रेग्युलेटर घेतला तर आणखी आठ-दहा हजार. तो मी सरळ खोडला. पैशांचा प्रश्न नाही. रात्री चुकून गॅस चालू राहिला तर सकाळपर्यंत मासे गुदमरतात, आणि ती काळजी सत्तरीतल्या काकांच्या उशाशी कशाला?

महिन्याचं बिल मात्र किरकोळ. ३० वॅटचा दिवा सात तास आणि १० वॅटचा फिल्टर दिवसभर, मिळून महिन्याला १३-१४ युनिट. पण उन्हाळ्यात चिलर लावला, २०० वॅटचा, आणि तो दहा तास चालला, तर नुसत्या त्याचेच ६० युनिट! शिवाय त्याची किंमत रिकाम्या टाकीच्या कितीतरी पट.

यावर उपाय आपल्या घरातच आहे. माठ. पाण्याच्या पृष्ठभागावर एक छोटा पंखा सोडायचा, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमधला जुनाही चालतो. मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होतं आणि पाणी दोन-चार अंशांनी उतरतं. पण मेख अशी की उडून जातं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. रोज लिटर-दीड लिटर उडालेलं पाणी बोअरच्याच पाण्याने भरत राहिलं तर महिनाभरात टाकीचं पाणी आणखी जड. म्हणजे पंखा शंभर-दोनशेचा, आणि त्याच्या मागे आरओच्या पाण्याचा खर्च. शीटमध्ये ही ओळ कुणीच लिहीत नाही.

चारठाण्याच्या जुन्या देवळांबरोबर तिथली बारवही बघण्यासारखी आहे. बारव बांधणाऱ्यांनी पाणी वर असो की तळाला गेलेलं असो, पायरी सापडेल अशी सोय केलेली असते. कपॅसिटी प्लॅनिंग म्हणतात ते हेच, राव. असो.

मित्राचा खरा अडसर वेगळाच होता. 'उन्हाळ्यात गल्लीत टँकर येतो, आणि आमच्याकडे शोभेसाठी ७० लिटर पाणी? लोक काय म्हणतील?' प्रश्न रास्त आहे, हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण गच्च लावलेल्या टाकीत माशांच्या घाणीतला अमोनिया वनस्पतीच खातात, त्यामुळे पाणी कमी बदलावं लागतं. दर आठवड्याला २० लिटर धरा. म्हणजे एक मोठी बादली, आणि ती मोरीत ओतायची नाही, तुळशीला नि परसातल्या झाडांना घालायची. खतच आहे ते. राहिला प्रश्न बादली उचलायची कुणी याचा. नळी आणि छोटा पंप, सात-आठशे रुपये. माझ्या मते अख्ख्या बजेटमधला हा सगळ्यात महत्त्वाचा खर्च, कारण काकांची कंबर दुकानात मिळत नाही. त्याच्याच शेजारी बॅटरीवर चालणारा एअर पंप लिहा. वीज गेली, पाणी गरम, वरून रात्र, की वनस्पतीही पाण्यातला ऑक्सिजनच ओढतात.

एवढं सगळं मांडलं की काय लावायचं ते आपोआप ठरतं. व्हॅलिसनेरिया जड पाण्यात उलट जोमाने वाढते. अनुबियास आणि जावा फर्न कमी उजेडातही तग धरतात, फक्त त्यांचं खोड मातीत पुरायचं नाही, दगडाला बांधायचं.

आणि मासे? गप्पी! आरोग्य खात्याची माणसं डासांसाठी पाण्यात सोडतात तेच. निऑन टेट्राचं मूळ अ‍ॅमेझॉनच्या मऊ पाण्यातलं, गप्पीला मात्र जड आणि कोमट पाणी मानवतं. सातशे रुपयांच्या दिखाऊ माशांपुढे तो गरीब वाटतो खरा, पण हिरव्या पार्श्वभूमीवर दहा-बारा नरांचा थवा बघा एकदा. सुरुवातीला नरच घ्या, नाहीतर दिवाळीपर्यंत दोनशे होतील. आणि जास्त झालेले येलदरीच्या धरणात सोडायचे नाहीत.

मुहूर्त जुलैचा. पहिले एक-दोन पाऊस पत्रे धुवायला सोडून द्यायचे, मग पन्हाळीखाली पिंप लावायचं. ते मऊ पाणी निम्मं आणि बोअरचं निम्मं. वनस्पती लावून पाच-सहा आठवडे टाकी बिनमाशांची चालू ठेवायची, म्हणजे फिल्टरमधले जिवाणू तयार होतात आणि काकांना पंपाची सवय होते. मासे गणपतीच्या सुट्टीत न्यायचे. पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, आणि एसटीत खिडकीच्या उन्हापासून लांब, मांडीवर.