तबकडीवरची लाल रेघ

‘मला पायलट व्हायचंय’ हे वाक्य आता गोंदिया-धुळ्याच्या घरांतही ऐकू येतं. देशातल्या वैमानिकांत सुमारे 15 टक्के स्त्रिया आहेत, म्हणजे हा काही नुसता हट्ट नाही. म्हणूनच मैत्रिणींनो, आज थोडं विमानातल्या तबकड्यांविषयी.

शिकाऊ विमानाचा साधा वेगमापक घ्या. हिरवा पट्टा म्हणजे नेहमीचा वेग, पिवळ्यात हवा शांत असेल तरच जायचं आणि लाल रेघ कधीच ओलांडायची नाही. आपल्याला वाटतं, कारखान्यात एकदा रंगवलं की झालं! तसं नसतं. इंजिन बदललं, पंखांवर नवे भाग बसवले की या मर्यादा बदलू शकतात. मग विमानाच्या माहितीपुस्तकाला पुरवणी जोडायची आणि तबकडीवरच्या खुणा तिच्याशी जुळवायच्या. जुन्या अमेरिकन विमानांत वेग मैलांत असे, पुढे नॉट आले. 100 नॉट म्हणजे ताशी 115 मैल. वेगमापक नवा आणला आणि खुणा जुन्या आकड्यांवरच राहिल्या तर? आणि काचेचं तर विचारूच नका. खुणा काचेवर रंगवलेल्या असल्या आणि काच जराशी फिरली, तर लाल रेघ भलत्याच आकड्यावर! म्हणून काच आणि तिची कड यांवरून एक पांढरी रेघ ओढतात. ती तुटलेली दिसली की समजायचं, काच सरकली.

पण तबकडी असो की स्विच, तपासायला लावतं कोण? सरकारी यंत्रणेचा आदेश पाळावाच लागतो. काही वेळा मात्र नुसता सल्ला निघतो. अमेरिकेने डिसेंबर 2018 मध्ये बोइंगच्या इंधन-स्विचांच्या लॉकबद्दल असाच सल्ला दिला होता. 12 जून 2025 रोजी अहमदाबादला विमान कोसळून 260 माणसं गेली. सल्ला सक्तीचा नसल्याने एअर इंडियाने ती तपासणी केली नव्हती, अशी नोंद प्राथमिक अहवालात आहे. लॉकमुळे अपघात झाला असं अहवाल म्हणत नाही, हेही सांगायलाच हवं. जुलैत आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने आठवडाभरात तपासणीचा आदेश काढला. एअर इंडियाला दोष सापडला नाही. चांगलंच झालं. पण आठवड्याभराचं काम साडेसहा वर्षं का राहावं, ते मला काही पटत नाही.

लेकीच्या प्रवेशाला जाल तेव्हा फी आणि वसतिगृह विचारालच. त्याच बैठकीत हेही विचारा, की विमानाच्या पुरवण्या कुठे ठेवता आणि खुणा शेवटच्या कधी जुळवून पाहिल्या?